घोडी खोकायलीय आणि वरात परवावर

प्रश्न (खानापूर तालुका): डॉक्टर नमस्कार, माझ्याकडं दोन जनावरं हायत, एक पांढरी घोडी वरातीला आणि एक घोडा शर्यतीच्या गाडीला. चार दिवस झाले घोडी कोरडं कोरडं खोकायलीय, नाकातनं पाणी, चंदीला तोंड लावंना. त्याआधी निपाणीकडं वरातीला गेलीवती, तिथं एक घोडा असाच खोकत होता. परवाची सुपारी घेतलीय, ॲडव्हान्स पण खर्च झाला. शेजारी म्हणतात कडूनिंबाचा धूर द्या, हळदीचा काढा पाजा. काय करू?

उत्तर: ॲडव्हान्स परत करा. आधी हेच सांगतो, कारण बाकीचं वाचून झाल्यावर तुम्ही नेमकं हेच विसरणार.

लक्षणं घोड्यांच्या फ्लूची वाटतात, म्हणजे इक्वाइन इन्फ्लुएंझा, पण नक्की काय ते नाकातला नमुना तपासल्यावरच कळतं, हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे तिथं तपासणी होते, नमुना तुमच्या सरकारी दवाखान्यातनं पाठवायला सांगा. लागण झाली की १ ते ३ दिवसांत लक्षणं दिसतात, ताप १०३ ते १०६ फॅरनहाइटपर्यंत जातो (नॉर्मल ९९ ते १०१.५). आपल्याकडं १९८७ साली मोठी साथ आली होती, नंतर २००८ ला जम्मूच्या कटऱ्यापासनं सुरू होऊन कितीतरी राज्यांत पसरली. खोकल्याच्या तुषारातनं तर पसरतोच, पण बादली, तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी), लगाम, खरारा (अंग घासायचा ब्रश) आणि तुमचे हात-कपडे यातनं पण जातो. म्हणून शर्यतीचा घोडा आजच लांब बांधा, त्याची बादली-तोबरा वेगळा, आणि रोज आधी त्याचं सगळं उरकून मगच आजारी घोडीकडं जा, उलटं नको. थर्मामीटर गुदद्वारातनं लावून दोघांचाही ताप सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. बादल्या साबणानं धुऊन उन्हात टाका, हा विषाणू साबणाला टिकत नाही.

धूर अजिबात नको. घशाची आणि श्वासनळीची आतली त्वचा आधीच सोललेली असते, त्यात धूर म्हणजे जखमेवर मीठ. ताडपत्री बांधून पागा बंद करू नका, हवा खेळती पाहिजे. कडबा पाण्यात भिजवून द्या म्हणजे धूळ उडत नाही. आणि काढा? नळकांड्यानं तर मुळीच पाजू नका, खोकणाऱ्या जनावराला ठसका लागून औषध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया ठरलेलाच. ताप कमी करायचं इंजेक्शन डॉक्टरच्या हातनंच, अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, नाकातनं पिवळा घट्ट शेंबूड आला किंवा ताप उतरंना तर डॉक्टर ठरवतील.

आता खरी गोष्ट विश्रांतीची. ताप जितके दिवस, तितके आठवडे काम बंद, कमीत कमी ३ आठवडे तरी. ४ दिवस ताप असला तर ४ आठवडे. खोकला थांबला, घोडी टुणटुणीत दिसली म्हणून डीजेसमोर नाचवायला नेली की छातीला, हृदयाला कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि एका सुपारीसाठी अख्खा सीझन जातो.

प्रश्न (बेळगाव शहर): आम्ही घरातलेच सगळं करतो, लहान पोरं पण जवळ जातात. आम्हाला होईल का?

उत्तर: फ्लूची भीती सहसा नाही. पण नाकात फोड-व्रण, अंगावर गाठी, त्यातनं चिकट पू असं काही दिसलं तर तो ग्लँडर्स नावाचा वेगळा रोग असू शकतो, तो माणसाला होतो आणि जीवघेणा आहे. अशा जनावराला हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, पशुवैद्यकीय खात्याला कळवा, कायद्यानं कळवावंच लागतं. लपवलं तर शेजाऱ्यांच्या जीवावर बेततं.

प्रश्न (रायबाग): माघात चिंचलीला मायाक्काच्या जत्रेला घोडागाडी न्यायचीय, फ्लूची लस जायच्या आठवड्यात टोचली तर चालंल?

उत्तर: चालणार नाही. पहिली मात्रा, मग ४ ते ६ आठवड्यांनी दुसरी, आणि त्यानंतर साधारण २ आठवड्यांनी अंगात रोगाशी लढायची ताकद येते, तेव्हा उलटं मोजून आताच डॉक्टरला गाठा. तापातल्या जनावराला टोचायची नाही. लस घेतलेला घोडाही थोडाफार विषाणू पसरवू शकतो, म्हणून जत्रेत हौदाला तोंड लावू देऊ नका, बादली घरनंच न्या, आणि परत आल्यावर २ आठवडे वेगळा बांधा.