वाचकांचे प्रश्न : जुनी ओम्नी, कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या तक्रारी

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडे १९९७ ची कार्बोरेटरवाली ओम्नी आहे, वडिलांनी नवी घेतलेली, पासिंग २०२७ पर्यंत आहे. पुण्याहून येताना दुपारची खंबाटकी चढायला लागली की वरच्या टप्प्यात आचके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलो की काही झालंच नाही अशी चालू होते. मेकॅनिकने आधी कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) साफ केला, मग डुप्लिकेट नवा टाकला, तरी तेच. आता म्हणतोय इंजिन खोलावं लागेल. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : इंजिन अजिबात खोलू देऊ नका. अर्धा तास गार झाल्यावर जी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते आणि घरापर्यंत नीट येते तिच्या इंजिनात खोलण्यासारखं सहसा काही नसतं. आणि दुसरं, तो काढलेला जुना कार्बोरेटर मेकॅनिककडून आजच परत घेऊन या, भंगारात जाऊ देऊ नका, कारण ओरिजिनल बॉडी शाबूत असेल तर रिपेअर किट टाकून तो बाजारातल्या डुप्लिकेटपेक्षा कितीतरी चांगला चालतो.

आता मुद्द्याचं. गाडी घाटात बंद पडते तेव्हा आपल्याला एवढंच शोधायचंय की पेट्रोल पोचत नाहीये की ठिणगी पडत नाहीये, आणि हे तिथेच, बंद पडल्याबरोबर बघावं लागतं, गॅरेजला जाईपर्यंत सगळं गार होतं आणि पुरावाच जातो, म्हणून तर तुमच्या मेकॅनिकला काही सापडत नाहीये. गाडी पूर्ण बाजूला घ्या, चाकामागे दगड लावा, सगळ्यांना खाली उतरवा, चावी बंद. पुढची सीट उचला, कार्बोरेटरच्या तोंडावरचं एअर फिल्टरचं कनेक्शन काढा, चोक (थंडीत चालू करताना ओढतो ती खुंटी, हवा अडवून पेट्रोल वाढवते) पूर्ण आत ढकललेला पाहिजे. आता आत बघत बघत हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर एकदा झटक्यात फिरवा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे.

पिचकारी जोरात उडाली म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीत पेट्रोल आहे, मग पेट्रोलच्या मागे लागू नका, इग्निशन म्हणजे ठिणगीची बाजू बघा. पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) घ्या आणि दुसरा कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). या दोन्ही वस्तू गरम झाल्या की दगा देतात आणि गार झाल्या की परत शहाण्यासारख्या वागतात, लक्षणं हुबेहूब पेट्रोल संपल्यासारखी, आणि त्यापायी लोकांनी किती चांगले कार्बोरेटर बदलले असतील याचं मला खरंच वाईट वाटतं. कंडेन्सर अगदी स्वस्त असतो, एक डिकीत ठेवाच.

पिचकारी उडालीच नाही तर पेट्रोल येत नाहीये. लगेच गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मग गाडी चालू झाली तर झाकणाची किंवा टाकीची हवेची वाट बुजलीये, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि इंजिनवरचा पेट्रोल ओढणारा पंप बिचारा कितीही ओढो, पेट्रोल पुढे येत नाही. तसं नसेल तर फडकं पाण्यात भिजवून, पिळून त्या पंपावर आणि त्याच्या नळीवर ठेवा (गरम इंजिनवर पाणी ओतू नका, काहीतरी तडकेल). पाच मिनिटांत चालू झाली तर व्हेपर लॉक, म्हणजे गरमीने नळीतच पेट्रोलची वाफ होतेय. ओम्नीत हे जास्त होतं कारण ७९६ सीसीचं इंजिन सीटखाली कोंडलेलं आणि कॅमशाफ्टवर चालणारा पंप थेट त्याच गरम इंजिनला चिकटलेला. पंपाखालचा जाड इन्सुलेटर पॅकिंग कोणी काढून टाकलाय का बघा, काढून नुसता कागदी गॅस्केट लावलेला असतो बऱ्याचदा. नळ्या सायलेन्सर किंवा मॅनिफोल्डला टेकल्यात का तेही बघा.

पण नुसतं व्हेपर लॉक म्हणून सोडून देऊ नका, सगळं नीट असलेली ओम्नी भर मे महिन्यातही घाट चढते. बहुतेक वेळा आधीच पुरवठा कमी झालेला असतो आणि गरमी फक्त शेवटचा धक्का देते. टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. तिला चीर गेली तर पेट्रोल बाहेर गळत नाही कारण त्या भागात पंप ओढत असतो, उलट बाहेरची हवा आत जाते, फुटक्या स्ट्रॉने शहाळं प्यायलं की कशी निम्मी हवाच तोंडात येते तसं. सपाट रस्त्यावर भागतं, चढाला फुल अ‍ॅक्सिलरेटर दिला की उपाशी पडते. तेव्हा सगळ्या रबरी नळ्या, क्लिपा आणि फिल्टर बदला, टाकीतली जाळी साफ करा आणि मगच पंपाकडे बघा. कार्बोरेटरच्या बाजूला छोटी काच असते, इंजिन चालू असताना पेट्रोलची पातळी तिच्या मधल्या खुणेजवळ दिसली पाहिजे, ती सारखी खाली जात असेल तर माल मागूनच कमी येतोय.

आणि हात जोडून एक विनंती. रस्त्यावर मदतीला येणारे लोक बाटलीने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारायला सांगतात. ओम्नीत हे करू नका. बॅकफायर झाला (इंजिनातला भडका उलटा कार्बोरेटरमधून बाहेर आला) तर आग सीटखाली, गाडीच्या आतच लागते आणि पुढच्या माणसाला उतरायलाही वेळ मिळत नाही.

प्रश्न : इंजिन ऑइल महिन्याभरात कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय, गेजवर वरच्या खुणेच्याही वर आहे. चांगलं लक्षण समजायचं का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही, गाडी आजपासून उभी करा. गेजची काडी नाकाला लावून बघा, पेट्रोलचा वास येईल. बहुतेक पंपातला रबरी पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट इंजिनात उतरतंय. पातळ झालेल्या ऑइलवर चालवलीत तर बेअरिंग जातील आणि मग खर्च पंपाचा नाही, इंजिनाचा होईल. पंप बदला आणि त्याच दिवशी ऑइल आणि ऑइल फिल्टरही. वास असेपर्यंत सेल्फसुद्धा मारू नका. पंप चांगला निघाला तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल (छोटी टाकी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) बघा, ती बसत नसेल तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं.

प्रश्न : ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून आमच्या जुन्या व्हॅनचं अ‍ॅव्हरेज पडलंय, थंडीत सकाळी चालू व्हायला त्रास देते आणि पिकअप घेताना अडखळते. कार्बोरेटर ट्यून करून जाईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडं जाईल, सगळं नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलं की त्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर ते जुळवून घेतो, कार्बोरेटरचं जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचं) भोक मात्र ठरलेलं, त्यामुळे मिक्स्चर लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी) आणि पिकअपला अडखळते. एका लिटरमधली ताकदही सहा-सात टक्के कमी, त्यामुळे तेवढं अ‍ॅव्हरेज पडणारच, ते कोणी परत आणून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. थंडीचं म्हणाल तर इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, चोक पूर्ण ओढा आणि थोडा जास्त वेळ ठेवा.

मिक्स्चरचा स्क्रू फक्त स्लो रनिंगपुरता असतो, तो फिरवून पळतानाचं लीन जात नाही. प्लग काढून बघा, टोक फिक्कट पांढरं असेल तर खरंच लीन चाललीये आणि मग एक नंबर मोठा मेन जेट (पळताना पेट्रोल देणारा) टाकणारा जाणकार माणूस शोधा. जेटमध्ये तार किंवा ड्रिल घालणाऱ्याकडून गाडी उचलून आणा, एकदा भोक वेडंवाकडं झालं की कुठलंच सेटिंग लागत नाही.

जास्त काळजी मात्र रबराची करा. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, नीडलचं टोक हे सगळं अशा पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं, ते फुगतं किंवा कडक होऊन तडकतं. इंजेक्शन गाड्यांना लागणारी इथेनॉल चालणारी नळी मागून घ्या, दुकानदार पारदर्शक प्लॅस्टिकची देईल ती नको. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर पटापट चोकअप होतो, दोन-तीनदा बदलावा लागला तर घाबरू नका. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर त्यातलं पेट्रोल तसंच ठेवू नका, हवेतलं पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट तळाला बसतं, पंप पहिल्यांदा तेच ओढतो.

प्रश्न : आमची ओम्नी कायम गॅसवर असते. पेट्रोलवर टाकली की अर्धा चोक ओढूनच चालते, पाय काढला की बंद. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : चोक ओढल्यावरच चालते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी हवा घेतेय. गॅसवर फिरत राहिल्याने कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून त्याचा गोंद झालाय आणि सगळ्यात आधी बुजतो तो स्लो जेट (पाय काढल्यावर पेट्रोल देणारा), कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. खोलायच्या आधी दोन गोष्टी बघा. कार्बोरेटरला वायर जोडलेला स्लो जेटचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) असेल तर चावी ऑन केल्यावर तो टिक् करतो का, आणि गॅस किटवाल्याने पेट्रोलच्या नळीत टाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो का. दोन्ही ठीक असतील तर कार्बोरेटरखालचं गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा. तेही ठीक असेल तरच कार्बोरेटर उतरवा, क्लीनरने धुवा, हवेने फुंका. पुढे रोज सकाळी पेट्रोलवर चालू करून इंजिन गरम होईपर्यंत तसंच चालवा आणि मग गॅसवर टाका.