जुनी गाडी आणि खारं वारं: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं जुन्या छोट्या गाड्यांबद्दल आहेत. त्यातली पाच इथे घेतली आहेत. खर्चाचे आकडे खासगी गॅरेजमधले, लहान पेट्रोल गाडीचे आणि अंदाजे आहेत. गावागणिक मजुरी बदलते, आणि ओरिजिनल पार्ट मागितला की आकडा वर सरकतो.

२०११ सालची वॅगन आर मिळते आहे. ६८ हजार किलोमीटर चालली आहे, इंजिनाचा आवाज छान आहे. ‘नुकतंच खालून काळं कोटिंग करून घेतलंय,’ असं मालक सांगतो. घ्यावी का? (एक वाचक, हर्णै)

इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. २०१० साली आलेल्या वॅगन आरपासून त्यात टायमिंग चेन (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) आहे, आणि ऑइल वेळच्या वेळी बदललं असेल तर ६८ हजार म्हणजे काहीच नाही. त्याआधीच्या १०६१ सीसीच्या इंजिनाला त्या साखळीच्या जागी रबरी बेल्ट असतो. अशी गाडी कुणी दाखवली आणि बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट नवा बसवायचा.

तुमच्याकडे गाडी जाते ती पत्र्याने. समुद्राकडून येणारं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा आतून ओलाच राहतो. त्यावर चाकांच्या कमानीत लाल माती चिकटते आणि ओल्या पोटिसासारखं काम करते. म्हणून ताजं काळं कोटिंग हा मी गुण धरत नाही. गंज न खरवडता वरून कोटिंग मारलं की पाणी आत कोंडतं आणि पत्रा आणखी वेगाने सडतो. विकायच्या आधी आठ दिवसांत मारलेलं कोटिंग बहुधा काहीतरी झाकायलाच असतं.

पाहणी अशी करा. डिकीतली चटई आणि स्टेपनी बाहेर काढा. स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाशी रबरी बूच असतं, त्याच्या कडेने बोट फिरवा. हर्णैसारख्या बंदरावर जुनी गाडी मासळीच्या पेट्यांना वापरलेली असणं अगदी शक्य आहे. बर्फाचं खारं पाणी याच खड्ड्यात साचतं. वास साबणाने जातो, पण बुचाभोवतीचे पापुद्रे जात नाहीत. मग चालकाच्या पायाखालचं कार्पेट उचला आणि पत्रा अंगठ्याने जोरात दाबा. दबला किंवा करकरला तर खाली पोकळ आहे. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतील तर पाणी दरवाज्यातच उभं राहिलेलं असतं. दरवाज्याखालच्या उंबऱ्याच्या पत्र्यावर पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते सैल पडेल तिथे पत्रा नसून पुट्टी आहे.

यानंतर गाडी रॅम्पवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कृपया कुणीही शिरू नका. मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप, मागचा अॅक्सल जिथे बॉडीला बोल्ट होतो ती जागा आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारं शॉकअपचं वरचं टोक, या तीन जागा नीट पाहा. उंबऱ्याचं वेल्डिंग आणि रंग मिळून एका बाजूला चार ते सात हजार लागतात, डिकीचा तळ पाच ते आठ हजारांत होतो. ब्रेकचे पाइप दोन-अडीच हजारांत नवे बसतात. एवढंच निघालं तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या. पण अॅक्सलची किंवा शॉकअपची जागा सडली असेल तर ही गाडी फुकटसुद्धा घेऊ नका. तिथे ठिगळ टिकत नाही आणि तुटतं ते चालत्या गाडीत.

कागदांचंही पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत पासिंग, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर भरून ती आणखी पाच वर्षांसाठी वाढते. २०११ ची गाडी घेताना हा खर्च किमतीत धरायला हवा.

सपाटीवर गाडी ठीक असते. साखरप्याहून आंबा घाट चढताना एसी लावला की तापमानाचा लाल दिवा लागतो. गॅरेजमध्ये हेड गॅस्केट गेल्याचं सांगून बारा हजार सांगितले. (एक वाचक, रत्नागिरी)

हो म्हणायच्या आधी थांबा. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. सपाटीवर समोरच्या वाऱ्याने रेडिएटर थंड होतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वारा जवळजवळ नसतो, सगळी मदार पंख्यावर असते. फक्त घाटातच गाडी तापते, तर पहिला संशय पंख्यावर आणि रेडिएटरवर.

गाडी उभी ठेवून एसी लावा. थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), मग मोटर या क्रमाने बघायला सांगा. रिले दोन-तीनशेचा, मोटर दीड ते अडीच हजारांची. पंखा फिरतो आहे, तर रेडिएटरच्या जाळीवरून हलकेच नख फिरवा. किनाऱ्यावरच्या गाडीची अॅल्युमिनियमची पाती मिठाने खाल्लेली असतात, पांढरी भुकटी होऊन गळतात. मग पाणी आत फिरलं तरी उष्णता बाहेर पडत नाही. नवा रेडिएटर मजुरीसह साडेतीन ते पाच हजारांत बसतो. त्याच वेळी थर्मोस्टॅटही (इंजिनातून रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बदला, सात-आठशेचं काम आहे.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती सोडाच. क्षाराचा थर आतल्या नळ्या बुजवतो आणि वॉटर पंप खातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. तयार मिश्रणाचा कॅन घेतलात तर त्यात पाणी घालू नका.

हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर खुणा दिसतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, आणि थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे. यातलं काहीच नसेल तर हेड उघडू देऊ नका. दिवा लागला की एसी बंद करा, जागा बघून थांबा, आणि अर्धा तास तरी झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर उडतं.

मुंबईला असतो, गाडी गावी अंगणात असते. मे महिन्यात लावून गेलो, गणपतीला आलो तर मागची चाकं हलेनात. (एक चाकरमानी, गुहागर तालुका)

हँडब्रेक ओढून ठेवला होता. चार महिन्यांच्या ओलीत मागच्या ब्रेकचे लायनर (शूवर बसवलेल्या घासणाऱ्या पट्ट्या) चाकाच्या ड्रमला गंजाने चिकटतात. जोर लावून क्लच सोडू नका, लायनर शूपासून उखडून आत अडकतो. हँडब्रेक पूर्ण सोडा, पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीने टाकून गाडी हळूच मागे-पुढे झुलवा. सुटली नाही तर चाक काढून ड्रमच्या बाजूने लाकडावरून हातोडीचे ठोके द्या. हँडब्रेकची केबल आत गंजली असेल तर नवी हजार-दीड हजारात बसते. लायनर सेटलाही साधारण तेवढेच लागतात.

पुढच्या वर्षी गाडी पहिल्या गिअरमध्ये लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे तुकडे किंवा लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक खालीच ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण जिवाशी गाठ आहे म्हणून सांगतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. अर्धा लिटर ऑइल, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढणं, सगळं पाच-सातशेत होतं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

करूळ घाटात इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही. क्लच गेला का? (एक वाचक, वैभववाडी)

सपाट मोकळ्या जागेवर हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच चांगला आहे. घरघरत चालूच राहिलं तर तो घसरतो आहे. पण आधी केबल बघा. पेडलला वरच्या बाजूला बोटभर सैलपणा नसेल तर ताणलेली केबलच क्लच अर्धवट दाबून ठेवते, आणि ती सैल करायला पाना पुरतो.

क्लच प्लेट गेलीच असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. मजुरीसह साडेपाच ते आठ हजार. पाचशे वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं, तर सहा महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी बसते. गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकचं मागचं ऑइल सील बघायला सांगा. तिथून ऑइल पाझरत असेल तर नवी प्लेटही भिजून घसरणार.

पावसात उंदरांनी दोनदा वायर कुरतडल्या. शिवाय सकाळी बॅटरी उतरलेली असते. (एक शिक्षिका, मालवण)

उंदीर ऊब शोधत येतात. रात्री बॉनेट उघडं ठेवलं आणि खाली दिवा लावला तर ते येणं कमी होतं. गाडी भाताच्या आणि पेंढ्याच्या कोठीपासून लांब लावा. कुरतडलेल्या वायरी नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळू नका, खाऱ्या हवेत जोड हिरवा पडतो. झाळून वर रबरी नळी चढवून घ्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी दिसते का? आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह असं काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, पुसून कोरडं करा. लावताना पॉझिटिव्ह आधी. वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. तरीही बॅटरी उतरली तर इंजिन चालू ठेवून व्होल्ट मोजून घ्या. साडेतेरा ते साडेचौदा आले तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ठीक आहे, मग बॅटरी बदला किंवा गाडी बंद असताना करंट कुठे जातो ते शोधायला सांगा. तेराच्या खाली आले तर नव्या बॅटरीचे चार हजार वाया जातील, आधी अल्टरनेटर उघडायला सांगा.