बहुमत नसताना सर्वाधिकार कसे मिळाले?

प्रश्न : हिटलर निवडणूक जिंकून सत्तेवर आला, असे रामबागेतील आमच्या कट्ट्यावर एका स्नेह्यांनी ठासून सांगितले, तर दुसऱ्यांच्या मते तो बंड करून आला. यात खरे काय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. बंड त्याने १९२३ मध्ये म्युनिकला केले होते. ते फसले आणि त्याला तुरुंगात जावे लागले. पुढे त्याने निवडणुकीचा मार्ग धरला खरा, परंतु खुल्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला बहुमत कधीच मिळाले नाही. जुलै १९३२ मध्ये सुमारे ३७ टक्के मते मिळाली, नोव्हेंबरमध्ये ती ३३ टक्क्यांवर आली, आणि पक्षाला अशी ओहोटी लागली असतानाच ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचे अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमले. मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी तिघेच असल्यामुळे लगाम आपल्याच हाती राहील, अशी उपचॅन्सेलर पापेन आणि त्यांच्या पुराणमतवादी सोबत्यांची खात्री होती. पण उरलेल्या दोघांपैकी फ्रिककडे गृहखाते होते, तर ग्योरिंगकडे प्रशिया या जर्मनीतील सर्वांत मोठ्या राज्याचे पोलीस. डोकी मोजणाऱ्यांनी खाती मोजली नाहीत.

२७ फेब्रुवारीच्या रात्री संसद भवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने भाषण, वृत्तपत्रे, सभा आणि टपालाची गुप्तता यांवरील हक्क स्थगित झाले व धरपकड सुरू झाली. यासाठी वापरलेले, संकटकाळी अध्यक्षांना वटहुकूम काढू देणारे राज्यघटनेचे ४८वे कलम नाझींनी आणलेले नव्हते. संसदेत बहुमत जुळत नसल्याने १९३० पासून मुख्यतः याच कलमाखालच्या वटहुकमांवर कारभार चालला होता आणि तो लोकांच्या अंगवळणी पडला होता. माझ्या मते खरी मेख येथेच आहे. (आपल्या गणेशोत्सव मंडळात ‘यंदापुरते सर्व अधिकार खजिनदारांना’ असा ठराव एकदा झाला, की पुढच्या वर्षी तो कोणी वाचायलाही मागत नाही!)

५ मार्चच्या निवडणुकीत, एवढी दडपशाही असूनही, नाझींची मते ४४ टक्क्यांच्या आतच राहिली. तरीही २३ मार्चला संसदेला डावलून कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक दोनतृतीयांशांहून अधिक मतांनी संमत झाले. बैठक क्रोल नाट्यगृहात भरली होती आणि सभासदांना तपकिरी गणवेशातील नाझी स्वयंसैनिकांच्या रांगांमधून आत जावे लागत होते. कम्युनिस्टांचे ८१ प्रतिनिधी आधीच बाद ठरवले गेले होते, तर कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने तोंडी आश्वासनांवर विसंबून होकार दिला. ओटो वेल्स यांनी विरोधात भाषण केले आणि त्यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची उपस्थित ९४ मते विरोधात पडली, बाजूने ४४४.

बाकीचे भराभर उरकले. जुलै १९३३ मध्ये इतर पक्ष बेकायदा ठरले, जून-जुलै १९३४ मध्ये स्वयंसैनिकांचा प्रमुख अर्न्स्ट रोम याच्यासारखे स्वपक्षातील प्रतिस्पर्धी मारले गेले आणि ऑगस्टमध्ये हिंडेनबुर्ग वारल्यावर अध्यक्षपदाचे अधिकारही हिटलरने घेतले; सैनिकांची शपथ त्याच्या नावाने होऊ लागली.

त्या २३ मार्चच्या कायद्याची मुदत चार वर्षांची होती. ती १९३७, १९३९ आणि १९४३ मध्ये वाढवण्यात आली.