विळ्यावर तांबं चढतं तेव्हा सल्फेट काय करतं?

यावलच्या एका अकरावीच्या मुलाने विचारलंय: विस्थापन अभिक्रियेचं (एक धातू दुसऱ्याची जागा घेतो ती) पूर्ण समीकरण जमतं, पण निव्वळ आयनिक (फक्त बदलणारे कणच दाखवणारं) लिहायला सांगितलं की काय खोडायचं ते कळत नाही. शिवाय तांबं आणि सिल्व्हर नायट्रेटच्या गणितात मार्क गेले. त्याचं उत्तर असं होतं (चिन्हांऐवजी नावं लिहितोय, प्रभार कंसात):

कॉपर + सिल्व्हर (१+) → कॉपर (२+) + सिल्व्हर

भाऊ, अणू जुळलेत, प्रभार नाही जुळला. डावीकडे एक धन, उजवीकडे दोन. तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, चांदीचा एक आयन एकच घेतो. मग उरलेला कुणाच्या पदरात टाकायचा? म्हणून चांदी दोन्हीकडे २ हवी. क्लास घेताना ही चूक मी इतक्यांदा पाहिलीय की आता पेपर हातात आला की आधी प्रभारच मोजतो.

आता खोडायचं काय ते. आमच्या आबांची लिंबाची बाग होती. बोर्डो मिश्रण (बुरशीवर फवारायचं औषध) करायचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना. दोन्ही वेगवेगळं कालवून एकत्र केलं की आबा त्यात घासलेला विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस थर आला की म्हणायचे, "चुना कमी पडला," आणि अजून निवळी ओतायचे. नाहीतर पानं करपतात. विळ्यावर होतं ते हे:

आयर्न + कॉपर (२+) → आयर्न (२+) + कॉपर

चुना पुरेसा झाला की विळा तसाच राहतो. ड्रममध्ये तांबं तेवढंच असतं, सल्फेटही कुठे गेलेलं नसतं. पण तांबं आता न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात अडकलेलं असतं, मोकळा कॉपर आयन जवळपास उरलेला नसतो. विळ्याला सल्फेटशी देणंघेणं नाही, त्याला मोकळा कॉपर आयन लागतो. निव्वळ समीकरणात सल्फेट नसतं ते म्हणूनच. मोरचुदाऐवजी कॉपर नायट्रेट घेतलंस तरी ओळ हीच येईल.

म्हणून लिहिताना पाण्यात विरघळून आयन होणाऱ्या क्षारांचेच तुकडे करायचे. धातू, वायू, साका, पाणी हे अख्खे ठेवायचे. मग दोन्ही बाजूंना जसंच्या तसं दिसेल ते खोडायचं. लोखंड इथे २+ होतं, ३+ नाही. यातही पुष्कळ पोरं घसरतात.

अ‍ॅल्युमिनियमला गुणक लावताना गोंधळ होतो. ते ३ इलेक्ट्रॉन देतं, कॉपर आयन २ घेतो, म्हणून ६ वर मेळ बसतो:

२ अ‍ॅल्युमिनियम + ३ कॉपर (२+) → २ अ‍ॅल्युमिनियम (३+) + ३ कॉपर

कागदावर सोपं आहे. पण वर्गात मोरचुदाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टाकली तर बराच वेळ ढिम्म. माझीही एकदा पोरांसमोर फजिती झालीय. पट्टीवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो कॉपर आयनला आतल्या धातूपर्यंत जाऊ देत नाही. चमचाभर मीठ टाकलं आणि थोड्या वेळात द्रावण गरम, पट्टीवर लालसर भुगा, बुडबुडेसुद्धा. मिठातल्या क्लोराइडने तो थर फोडला. तरी समीकरणात क्लोराइडचं नाव नाही, कारण शेवटी ते होतं तसंच द्रावणात राहतं. अशा न बदलणाऱ्या आयनला प्रेक्षक आयन म्हणतात खरं, पण हा प्रेक्षक दार उघडून देणारा निघाला. बुडबुडे हायड्रोजनचे, ती बाजूला चालणारी वेगळी अभिक्रिया, या ओळीत घुसवू नकोस.

आणि लिहायला बसण्याआधी क्रियाशीलता श्रेणी (धातूंची जास्त क्रियाशील ते कमी क्रियाशील अशी यादी) बघ. झिंक सल्फेटमध्ये तांब्याची तार टाकली, असा प्रश्न मुद्दाम घालतात. तांबं झिंकपेक्षा कमी क्रियाशील, म्हणून तिथे 'अभिक्रिया नाही' एवढंच लिही, बाण काढूच नको.

आता मॅग्नेशियम आणि सिल्व्हर नायट्रेटचं करून इथे टाक. प्रभार मोजून.