अर्डुइनो उनो आणि ईएसपी३२ या दोन्ही मायक्रोकंट्रोलर बोर्डांकडून सेन्सरचा डेटा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पाठवतोय, पण ईएसपी३२ चं तापमान काहीच्या बाही दिसतं. कोड तर एकच आहे, मग असं का?

सेन्सर बदलू नका, तो बहुतेक ठणठणीत असेल. माझ्या पॉलीहाऊसमध्ये अगदी हेच झालं होतं, मी दोन दिवस वायरी आणि सेन्सर बदलत बसलो आणि चूक निघाली स्ट्रक्टमध्ये, म्हणजे कोडमध्ये वेगवेगळ्या किमती एकत्र बांधतो त्या गठ्ठ्यात.

होतं काय, तुम्ही एक बाइटचा नोड आयडी (डेटा कोणत्या बोर्डाचा ते सांगणारा नंबर) आणि पुढे फ्लोट (दशांश संख्या) असं स्ट्रक्ट पाठवत असाल तर उनोवर ते ५ बाइटचं होतं पण ईएसपी३२ वर ८ बाइटचं, कारण ३२ बिटचा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आयडीनंतर ३ रिकामे बाइट घुसवतो, आणि पाय बिचारा ५ च बाइट मोजून वाचतो, मग पुढचं सगळंच सरकतं. इंटचंही (पूर्णांकाचंही) तेच, उनोवर २ बाइट, ईएसपी३२ वर ४. स्ट्रक्टला पॅक्ड लावलं की रिकामे बाइट जातात, पण इंटच्या जागी इंट१६_टी (दोन्हीकडे २ बाइटचाच पूर्णांक) लिहावंच लागतं.

मी तर फ्लोट पाठवणंच सोडलं. तापमान गुणिले दहा करून पूर्णांक पाठवतो. २८.४ डिग्री म्हणजे २८४, त्याचे दोन बाइट २८ आणि १ (१ × २५६ + २८). आर्द्रता ६१.५ टक्के म्हणजे ६१५, बाइट १०३ आणि २. डीएचटी२२ सेन्सर स्वतः असंच बोलतो की, १६ बिट आर्द्रता, १६ बिट तापमान, दोन्ही दहापट, शेवटी ८ बिटचा चेकसम, म्हणजे डेटा बरोबर आला का ते तपासायची बेरीज.

माझं पॅकेट १० बाइटचं आहे: १७०, १, ३, ५७, २८, १, १०३, २ आणि शेवटी दोन बाइट सीआरसी (हाही डेटा बिघडला का ते तपासायचाच आकडा). १७० ही सुरुवातीची खूण, मग फॉरमॅटचं व्हर्जन, नोड आयडी, आणि ५७ हा दर पॅकेटला एकने वाढणारा नंबर, त्यावरून मधलं पॅकेट हरवलं की लगेच कळतं. १७० डेटातही येऊ शकतो बरं का, म्हणून सीआरसी जुळला नाही तर एकच बाइट पुढे सरकून परत १७० शोधायचा, आख्खं पॅकेट फेकायचं नाही. व्हर्जनचा बाइट मात्र कृपा करून आत्ताच ठेवा, उद्या मातीच्या ओलाव्याचा सेन्सर जोडलात की जुने नोड न उघडता काम भागतं.

आणि सेन्सर तुटला तर शून्य पाठवू नका हो, शून्य डिग्री हे खरं तापमान असू शकतं! मी -३२७६८ पाठवतो, म्हणजे रीडिंगच नाही.

आज आधी दोन्ही बोर्डांवर स्ट्रक्टचा साइझऑफ (किती बाइटचं आहे ते) छापून बघा आणि आकडे इथे टाका.