हाडासाठी हायड्रोजेल करायचंय, पण केमिस्ट्री सोडू का?

तुझं पत्र वाचलं. बीएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला कायटोसनचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं) केलंस आणि आता बोन टिश्यू इंजिनिअरिंगच (मटेरियल आणि पेशी वापरून हाड पुन्हा वाढवणं) करायचं असं ठरवलंयस, पण बायोलॉजी शाळेतच सुटलं म्हणून एमएस्सी बायोटेकला करू का पॉलिमरला हा प्रश्न, आणि वर वडील म्हणतायत की यात नोकऱ्या कुठे आहेत. उत्तर आधीच सांगून टाकतो, पॉलिमर घे. पेशी वाढवायला नंतर शिकता येतं, क्रॉसलिंकिंगची (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडण्याची) समज मात्र घाईघाईत येत नाही.

कारण या विषयातली खरी अडचण मटेरियलची आहे. हाडाच्या वजनातला साधारण 60 ते 70 टक्के भाग खनिज, बाकी मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. बाहेरच्या घट्ट हाडाचा ताठरपणा 10 ते 20 गिगापास्कलच्या आसपास आणि आपली जेलं बहुतेक किलोपास्कलमध्ये, म्हणजे फरक लाखो पटींचा, त्यामुळे नुसतं जेल घालून मांडीच्या हाडाचा भार पेलेल असं कुणी सांगत असेल तर सरळ पुढे जा. जेलचं काम वेगळंय, वेड्यावाकड्या पोकळीत इंजेक्शनने भरायचं, पेशी आणि ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनं) तिथे धरून ठेवायचे आणि हाड येईल तसं स्वतः विरघळत जायचं. त्यात हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (हाडातल्यासारखं कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज) किंवा बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास मिसळतात ते त्यासाठीच, थोडी ताकद येते आणि हाडाच्या पेशींना ओळखीचं खनिज मिळतं.

आता गंमत बघ, क्रॉसलिंक वाढवले की जेल ताठ होतं पण जाळी बारीक होते, पेशी अडकून पडतात, रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, आणि शरीरातली पेशी केशवाहिनीपासून साधारण 100 ते 200 मायक्रॉनपेक्षा लांब फारशी तग धरत नाही. कमी ठेवले तर हाड यायच्या आधीच जेल गायब. ही ओढाताण सोडवणारा माणूस केमिस्ट्रीवाला असतो, म्हणून म्हणतोय.

प्रत्येक पॉलिमरचं दुखणंही वेगळं. अल्जिनेट कॅल्शियम दिसताच घट्ट होतं, हाताळायला मस्त, पण पेशी त्याला चिकटत नाहीत म्हणून त्यावर आरजीडी पेप्टाइड (पेशींना धरायला जागा देणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) जोडावं लागतं, शिवाय ते तोडणारं एन्झाइम आपल्या शरीरात नाही. जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळतं म्हणून मेथॅक्रिलेट गट जोडून प्रकाशाने पक्कं करतात, तेच जेलमा. तुझं कायटोसन कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून येतं, डीअ‍ॅसिटिलेशन (अ‍ॅसिटिल गट काढून टाकणं) किती झालंय आणि मॉलिक्युलर वेट किती यावर सगळं वागणं बदलतं, आणि बाटली बदलली की रिझल्टही बदलू शकतो. पुढच्या वेळी जेल करशील तेव्हा हे दोन आकडे वहीत पहिल्या ओळीत लिही, प्लीज.

तू लिहिलंयस की नैसर्गिक आहे म्हणजे सेफ, मग पेशंटपर्यंत लवकर जाईल. इथे जरा थांब. बीएमपी-2 हे हाड वाढवणारं प्रथिन कोलॅजनच्या स्पंजमध्ये भिजवून वापरायला अमेरिकेच्या एफडीएने 2002 मध्ये मणक्याच्या सर्जरीसाठी मंजुरी दिली, आणि 2008 मध्ये त्याच एफडीएला मानेच्या सर्जरीत वापरल्यावर येणाऱ्या जीवघेण्या सुजेबद्दल इशारा द्यावा लागला. कोलॅजन नैसर्गिकच होतं की. आतला माल किती आणि किती वेगाने बाहेर पडतो हेही तितकंच महत्त्वाचं, आणि याखेरीज एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियांचे विषारी अंश), स्टरिलायझेशन, क्रॉसलिंकरचे उरलेले अंश (ग्लुटारअल्डिहाइड तर पेशींना विषारीच) हे सगळं तपासावं लागतं. कंटाळवाणं वाटेल, पण पगार बऱ्याचदा याच कामाचा मिळतो.

वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फक्त हाडाच्या हायड्रोजेलवर नोकरी फार थोड्या लोकांना मिळते, आणि त्या जागांना बहुतेक पीएचडी लागते. पण रिओलॉजी (जेल किती वाहतं, किती ताठ राहतं हे मोजणं), जेल कॅरेक्टरायझेशन, डिग्रेडेशन टेस्ट, आयएसओ 10993 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बायोकम्पॅटिबिलिटीची (मटेरियल शरीराला चालतं का याची) कागदपत्रं हे येत असेल तर जखमेची ड्रेसिंग, औषध सोडणारी जेलं, डेंटल मटेरियल, कॉन्टॅक्ट लेन्स, सगळीकडे दार उघडतं. त्यांना हे असंच वाचून दाखव, बहुतेक निवळतील.

बायोलॉजीची भीती धरू नकोस. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी असा गाईड बघ ज्याच्या लॅबमध्ये सेल कल्चर चालू आहे किंवा जिथे आहे तिथे तो तुला पाठवतो, आणि एएलपी टेस्ट, अ‍ॅलिझरिन रेडचा स्टेन, लाइव्ह-डेड (पेशी हाडाच्या होतायत का, खनिज साठतंय का, जिवंत आहेत का हे अनुक्रमे दाखवणाऱ्या चाचण्या) हे स्वतःच्या हाताने कर. नुसतं दुसऱ्याने करून दिलेल्या फोटोंवर थीसिस लिहिलीस तर इंटरव्ह्यूत दोन प्रश्नांत कळतं. लॅब निवडताना तिथल्या सीनियरना गाठून विचार की रिओमीटर विद्यार्थ्यांना स्वतः वापरायला मिळतं का, आणि त्यांची जेलं प्राण्यांवरच्या चाचणीपर्यंत गेलीयत का डिशमध्येच थांबलीयत. डिशमध्ये थांबली असतील तरी जा, फक्त मग पीएचडी दुसरीकडे कर.