टायगर ९०० जीटी घ्यावी की रॅली प्रो? इंदूरच्या रस्त्यांवरून सांगतो

तुम्ही लिहिलंय की उंची ५ फूट ६, राहणं इंदुरात, शनिवार-रविवार मांडू-महेश्वर, वहिनी बहुतेक वेळा मागे, वर्षातून एकदोनदा पुणे आणि पुढच्या वर्षी हिमाचलातलं स्पीती, तर ट्रायम्फ टायगर ९०० या मोटरसायकलची जीटी घ्यावी की रॅली प्रो. माझ्याकडे २०२४ ची जीटी आहे, मामेभावाकडे रॅली प्रो, दोघं लोकमान्य नगरातच राहतो, त्यामुळे गाड्यांची अदलाबदल सारखी चालू असते. मी तुमच्या जागी असतो तर जीटी घेतली असती.

इंजिनावर वेळ घालवू नका. दोन्हींत तेच ८८८ सीसीचं तीन सिलिंडरवालं, ताकद १०८ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), टाकी पण दोन्हींची २० लिटर. मला हायवेला लिटरमागे वीसच्या आसपास पडतं, म्हणजे इंदूरहून निघून धुळ्यापर्यंत पेट्रोलची चिंता नाही.

खरा फरक खालच्या अंगाला आहे. जीटीचं पुढचं चाक १९ इंची, अलॉय (तारा नसलेलं, एकसंध धातूचं), पुढचं सस्पेन्शन १८० मिमी दबतं, मागचं १७०. रॅली प्रोचं पुढचं चाक २१ इंची, तारांचं (ट्यूबलेसच आहे, पंक्चरची भीती नको), आणि सस्पेन्शन २४० आणि २३० मिमी. मग साहजिकच सीट वर जाते. जीटीची ८२० ते ८४० मिमी, रॅली प्रोची ८६० ते ८८०. कागदावर हे दोन बोटं वाटतं पण दोन बोटांतच सगळं आहे हो.

माझी उंची तुमच्यापेक्षा इंचभरच जास्त. गेल्या पावसाळ्यात भावाची रॅली प्रो घेऊन जानापावच्या डोंगरावर गेलो, बायको मागे, वर चढताना एका वळणावर समोरून गाडी आली म्हणून थांबलो आणि डावा पाय टेकवायला गेलो तर तिकडे रस्त्याची कड खाली उतरलेली, नुसता अंगठा लागला. २२८ किलोची गाडी, वर आम्ही दोघं, एकदा कलली की कोणाच्या बापाला धरवत नाही. बायकोच्या गुडघ्याला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. गाडीचा काही दोष नाही, माझ्या पायाच्या मापाची ती नव्हती. पण तेव्हापासून बायको त्या गाडीवर बसायला तयार नाही, आणि मला तिचं पटतं. तुमच्या वहिनी मागे बसणार आहेत म्हणून हे इतकं लिहितोय. पिलियन (मागे बसणारं माणूस) आणि टॉप बॉक्स (मागची सामानाची पेटी) असला की चालताना कमी आणि थांबताना जास्त कळतं की सीट किती उंच आहे.

आता रॅली प्रोची बाजू, कारण ती खरंच सुंदर गाडी आहे. चोरलकडे नदीकाठच्या गोट्यांवरून मी जीटी जपून, पहिल्या गिअरवर काढतो, तिथून भाऊ उभा राहून आरामात निघून जातो. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, दगडावरून गुळगुळीत चढतं, आणि लांब सस्पेन्शन धक्का पोटात घेतं. ऑफरोड मोड जीटीत पण आहे, पण एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं) पूर्ण बंद करणारा ऑफरोड प्रो मोड फक्त रॅली प्रोत. मात्र तीच गाडी मानपूरचा घाट उतरताना ब्रेक मारला की पुढून जास्त दबते, आणि वळणात घालायला जीटीपेक्षा थोडी उशिरा ऐकते. पुण्याच्या सहाशे किलोमीटरला मी डोळे मिटून जीटी काढीन.

आणि आपली काळी माती! पावसाळ्यात गावाकडच्या रस्त्याला उतरलात तर १९ काय नि २१ काय, डांबरी रस्त्याचे टायर असतील तर त्यांच्या खाचा दहा मीटरमध्ये भरतात आणि टायर साबणासारखा होतो. तिथे चाकाच्या मापापेक्षा टायर कामाला येतो, रुंद खाचांचे टायर जीटीला पण बसतात.

स्पीतीला ग्राम्फू ते बातल हा दगडांचा आणि नाल्यांचा पट्टा आहे, तिथे रॅली प्रो नक्की सुखाची. पण तो पट्टा एका दिवसाचा आहे. जीटीवर बॅशप्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) लावा, तिकडे वेग कमी ठेवा, आणि टायरची हवा फार कमी करू नका, कारण अलॉय रिमला जोरात दगड बसला तर ठेचलेली कड हवा सोडते, तारांचं चाक निदान ठोकून सरळ करता येतं. वहिनींना त्या पट्ट्यापुरतं कोणाच्या तरी चारचाकीत बसवता आलं तर फारच छान.

२०२४ मध्ये आल्या तेव्हा जीटी १३.९५ लाख आणि रॅली प्रो १५.९५ लाख होती, एक्स-शोरूम. त्या दोन लाखांत रॅली प्रोला क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलता येतो) आणि टायरची हवा दाखवणारे सेन्सर मिळतात, मान्य. पण माझा कल त्या पैशांतून चांगले बूट, टायर आणि दोन दिवसांचं ऑफरोड ट्रेनिंग घेण्याकडे आहे.

तुम्ही एकटे फिरत असतात, पाय लांब असते आणि दर रविवारी डांबर सोडत असतात तर मी उलटंच सांगितलं असतं. ट्रायल घेताना एवढं करा, वहिनींना मागे बसवा, उतारावर थांबा आणि तिथेच यू-टर्न मारून बघा. दोन्ही गाड्यांवर, एकाच दिवशी.